कासवांची राखण गावानं कशी उभी करावी

पहिली बैठक नारळी पौर्णिमेला घ्या. कासव वाळूवर चढल्यावर धावपळ सुरू केली, तर त्या मोसमात काही उभं राहत नाही. ३१ जुलैला मासेमारीबंदी संपते, होड्या डागडुजी होऊन रांगेला लागतात, आणि पौर्णिमेला नारळ सोडायला रापणीचे (किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या जाळ्याचे) वाटेकरी, होडी चालवणारे तांडेल, त्यांच्या घरच्या बायका, पोरंबाळं सगळी एका जागी जमतात. असा दिवस वर्षात दुसरा मिळत नाही. देवाला गाऱ्हाणं घालून झालं, नारळ पाण्यात गेला, की तिथंच बसून बोलून घ्यायचं. पंचायतीच्या सभागृहात खुर्च्या मांडून बोलावलं तर बायका येत नाहीत आणि तांडेलही येत नाही.

मी गोव्यातल्या पेडण्याच्या किनाऱ्यावरची. रापणकाराची लेक आणि रापणकाराच्याच घरची सून. आता आमच्या पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीवर आहे. इकडे मोरजी आणि मांद्रे-आश्वे, तिकडे काणकोणात आगोंद आणि गालजीबाग, या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले जातीची कासवं अंडी घालायला येतात. २०११च्या किनारी नियमन अधिसूचनेत मांद्रे, मोरजी, गालजीबाग आणि आगोंद यांची नावं कासवांची जागा म्हणून छापलेली आहेत. वनखात्यानं मोरजीत गावकऱ्यांना सोबत घेऊन काम सुरू केलं ते १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात. त्याआधी ही अंडी लोक खात होते, विकतही होते. ज्यांना वाळूवरचा माग ओळखून अंडी काढता यायची, त्यांच्याएवढी पारखी नजर कुठल्याच साहेबाकडे नव्हती. म्हणून नवीन गावात राखण सुरू करणाऱ्यांना मी पहिल्यांदा हेच सांगते: ज्या घरात अंडी येत होती, त्या घरी स्वतः जा. चहा घ्या, जुन्या गोष्टी ऐका आणि राखणीला चला म्हणा. त्या आजोबांना चोर म्हणून बोलावलं तर ते दार लावून घेतील. जाणकार म्हणून बोलावलं तर रात्रभर किनारा फिरतील.

माणसं आधी जमवा

राखणीला उत्साही माणसं नकोत असं मी म्हणत नाही. पण उत्साह डिसेंबरच्या थंडीत दोन-तीन रात्रींत ओसरतो. जी माणसं आधीपासूनच वेळी-अवेळी किनाऱ्यावर असतात, त्यांच्यावर राखण टिकते. पहाटे रापणीला जाणारे, माडाची ताडी काढणारा रेंदेर, शॅक म्हणजे वाळूवरची खानावळ झाडून काढणारे पोरगे, सकाळी चालायला येणारे पेन्शनर, 'दृष्टी' कंपनीचे जीवरक्षक. यांना वेगळं काम लावायचं नाही. त्यांच्या रोजच्या वाटेवर काय बघायचं आणि कुणाला कळवायचं, एवढंच शिकवायचं.

कळवायची साखळी कागदावर लिहा. व्हॉट्सॲपचा गट हवाच, पण रात्री दोनला गटावर टाकलेला फोटो सकाळीच बघितला जातो. फोन वाजला तर माणूस उठतो. वनरक्षक, वनक्षेत्रपालांचं कार्यालय, पशुवैद्य, वाड्याचा पंच आणि समितीची दोन माणसं, एवढे नंबर मोठ्या अक्षरांत लिहून प्रत्येक शॅकच्या गल्ल्यामागे, रापणीच्या खोपीत आणि जीवरक्षकांच्या मनोऱ्यावर चिकटवा. प्लास्टिकमध्ये घालून चिकटवा, नाहीतर खारं वारं महिन्यात अक्षरं पुसून टाकतं.

वनखात्याला पहिल्या बैठकीलाच बोलवा. ऑलिव्ह रिडले वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत आहे. कासवाला किंवा अंड्यांना इजा करणाऱ्याला तीन ते सात वर्षांची कैद आणि किमान २५,००० रुपये दंड होऊ शकतो. भल्या हेतूनंसुद्धा परवानगीशिवाय अंडी हलवायचा आपल्याला अधिकार नाही. पाहणं, कळवणं, गर्दी मागे ठेवणं आणि सांगितलेली मदत करणं हे गावाचं काम. अंडी उचलणं हे खात्याचं किंवा खात्यानं नेमून शिकवलेल्या राखणदाराचं काम. ही रेघ पहिल्या दिवशीच सगळ्यांना समजली पाहिजे.

कासव वाळूवर दिसलं तर

मोसम ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत. शेवटची पिल्लं मे महिन्यापर्यंत निघतात. मादी बहुतेक वेळा रात्रीच येते. पाण्यातून बाहेर पडताना ती फार बिचकते. बॅटरीचा झोत, आवाज, समोरून चालत गेलेला माणूस, एवढ्यानंही ती वळून परत जाते आणि पोटात अंडी घेऊन रात्रभर पाण्यात घुटमळते. म्हणून ती वर चढत असताना आहात तिथंच खाली बसा. बॅटरी बंद. कुत्रा सोबत असेल तर त्याला धरा.

ती खड्डा खणून अंडी घालायला लागली, की तिचं लक्ष आजूबाजूला तितकं राहत नाही. तेव्हा मागच्या बाजूनं, लांबूनच, लाल कागद लावलेल्या मंद बॅटरीनं राखणदार बघू शकतो. खड्डा साधारण दीड फूट खोल, एका वेळी शंभर ते सव्वाशेच्या आसपास अंडी. मग ती मागच्या पायांनी वाळू लोटते आणि अंग डावी-उजवीकडे आपटून वाळू दाबून बसवते. त्या वेळी एक थपथप ऐकू येते. लहानपणी वडिलांनी मला ती ऐकवली होती. आजही ऐकली की अंगावर काटा येतो.

फोटो काढणाऱ्यांना इथं रोखावं लागतं. मोरजीत रशियन पाहुणे खूप, म्हणून फलक इंग्रजी आणि हिंदीबरोबर रशियन भाषेतही लावा. फलक वाचून थांबणारे थोडेच असतात. बाकीच्यांजवळ जाऊन हळू आवाजात सांगावं लागतं, आणि ते बाईनं सांगितलेलं लवकर ऐकतात हा माझा अनुभव आहे. 'नो फ्लॅश, प्लीज, मदर' एवढे शब्द पुरतात. ओरडणाऱ्या चार पोरांपेक्षा हे चार शब्द जास्त काम करतात.

कासव दिसलं नाही तरी माग दिसतो. पहाटे ओहोटीच्या वाळूवर ट्रॅक्टरचं चाक फिरल्यासारखा पट्टा वर गेलेला आणि परत आलेला दिसेल. रिडलेच्या मागात डाव्या-उजव्या पायांच्या खुणा आळीपाळीनं पडतात, समोरासमोर पडत नाहीत. हिरवं कासव या दुसऱ्या जातीच्या मागात त्या जोडीनं समोरासमोर पडतात आणि पट्टाही जास्त रुंद असतो. दोन्ही माग वर जिथं मिळतात, तिथली वाळू उकरलेली, विस्कटलेली असेल तर तिथं घरटं असू शकतं. नुसतंच वळून गेलेलं कासवही असतं. काठी खुपसून बघू नका. अंडं फुटलं, की वासानं कुत्रे आणि कोल्हे येतात, मुंग्या लागतात, आणि शेजारची अंडीही जातात. बाजूला माडाची दोन चुडतं (झावळ्या) आडवी ठेवा, फोन करा आणि राखणदार येईपर्यंत तिथंच उभे राहा. जागा पाहून झाल्यावर माग झाडूनं पुसून टाका. त्यानं तोच माग दुसऱ्यांदा मोजला जात नाही आणि वाईट नजरेलाही जागा कळत नाही.

घरटं शक्य तिथं आहे तिथंच राहू द्यावं, हे माझं ठाम मत आहे. भरतीच्या रेषेखाली असेल, नदीचं पाणी वाळू कापून नेत असेल किंवा अगदी वाटेवर असेल, तरच ते हलवायचा विचार. चापोरा नदीच्या मुखाकडची वाळू दर वर्षी जागा बदलते, तिथं हलवावं लागतंही. पण अंडी घातल्यानंतर काही तासांत आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटायला लागतो. त्यानंतर अंडं फिरलं, उलटं झालं, तर गर्भ मरतो. म्हणून 'सकाळी सावकाश हलवू' हे चालत नाही. घरटं रात्रीच सापडलं, तरच राखणदाराच्या हाती वेळ असतो. राखण रात्री आणि पहाटे असावी लागते, त्याचं कारण हेच.

घरट्याभोवती जाळीचं कुंपण, वर कुत्र्यांना पंजा घालता येणार नाही असं झाकण, आणि बाहेर तारखेची पाटी. तिथून साधारण ४५ ते ६० दिवस. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उबेवर ठरतं. वाळू जास्त तापली की माद्या जास्त, थंड राहिली की नर जास्त. म्हणून घरट्यावर पाहुण्यांचे ऊन खायचे पलंग, होडी किंवा ताडपत्री टाकून कायमची सावली करायची नाही आणि हौसेनं पाणीही शिंपडायचं नाही. कडक उन्हाळ्यात काही करायचं असेल, तर ते खात्यानं ठरवावं.

शॅकवाल्यांशी बोलणं

या कामात सगळ्यांत जास्त वेळ इथं द्या. कुत्रे, कावळे, खेकडे यांच्यावर उपाय सापडतात. उजेडावर उपाय शॅकवाल्याच्या हातात असतो, आणि तो आपलाच भाचा, पुतण्या किंवा शेजारी असतो.

पिल्लं वाळूतून बाहेर आली, की सगळ्यांत उजळ दिसणाऱ्या क्षितिजाकडे चालतात. काळोख्या किनाऱ्यावर ते क्षितिज समुद्राचं असतं. मागे पांढरे दिवे पेटलेले असले तर पिल्लं उलटी माडांकडे चालत सुटतात, आणि सकाळी ती वाळूवर पसरलेल्या मर्यादवेलीत, गटारात, पलंगांखाली सुकलेली सापडतात. हे एकदा शॅकवाल्याला त्याच्या स्वतःच्या अंगणात दाखवा. मग वेगळं भाषण लागत नाही.

आमच्याकडचा एक शॅकवाला मला म्हणाला, "काकी, काळोखात गिऱ्हाईक बसणार कसं?" त्याचा प्रश्न खराच होता. कर्ज काढून त्यानं शॅक घातला होता. मी म्हटलं, "अरे, काळोख कोण मागतंय? दिवा खाली आण, पिवळा लाव, आणि त्याचं तोंड स्वयंपाकघराकडे कर." त्यानं समुद्राकडच्या बल्बांना नारळाच्या करवंट्या लावल्या, उजेड टेबलावर पडला, आणि गिऱ्हाइकांना ते दिवे आवडले. शेजारच्या शॅकनं ते बघून तसंच केलं.

शॅकवाल्याकडे मागायच्या गोष्टी थोड्याच ठेवा, म्हणजे त्या पाळल्या जातील. समुद्राकडे तोंड केलेला पांढरा दिवा नको. रात्री पलंग आणि छत्र्या उचलून मागे रचून ठेवायच्या, कारण मादी त्यांत अडकते. उष्टं-खरकटं वाळूत पुरायचं नाही, त्यावर कुत्रे पोसतात. रात्री दहानंतर मोकळ्या जागेत ध्वनिवर्धक लावायला २००० सालच्या नियमांनीच बंदी आहे, ती पाळायची. वाळूवर शेकोटी नको. बदल्यात गावानंही त्याला काही द्यायला हवं. आम्ही राखणीतल्या शॅकवर हातानं रंगवलेली पाटी लावतो आणि कासवांविषयी विचारत येणारे पाहुणे आधी तिथं पाठवतो. जो ऐकत नाही, त्याच्याशी भांडण काढत बसू नका. तारखेसह फोटो ठेवा आणि समितीच्या पत्रातून खात्याला कळवा. गावातली नाती मोडून राखण चालत नाही.

वाळूच्या टेकड्यांचंही इथंच सांगते. मर्यादवेल उपटून जागा 'साफ' करणं थांबवा. ती वेल वाळू धरून ठेवते. टेकडी गेली की किनारा उतरतो आणि मादीला भरतीच्या वर जागाच उरत नाही. किनारा झाडायचा तर हातानं झाडा. वाळू उपसणारं यंत्र आणि गाडी दोन्ही घरटी चिरडतात.

पिल्लं निघताना

पिल्लं बहुधा रात्री किंवा पहाटे, वाळू थंड झाल्यावर बाहेर येतात. तारीख जवळ आली, की राखण घरट्यापाशी बसते. त्यांना स्वतःच्या पायांनी पाण्यापर्यंत चालू द्या. हातात घेऊन लाटेत सोडणं, पोरांच्या तळहातावर ठेवून फोटो काढणं, हे सगळं बंद. वाटेत पावलांचे खड्डे असतील तर आधी सपाट करा, आणि माणसं दोन्ही बाजूंना, दिवे बंद करून बसवा.

दिवसा उन्हात पिल्लं निघालीच तर ती पाण्याच्या बादलीत घालू नका. पहिल्या दिवसभरात पोहत खोल पाण्यात जायची जी ताकद त्यांना मिळालेली असते, ती बादलीतच संपून जाते. ओलसर वाळू घातलेल्या टोपलीत, सावलीत, वर फडकं टाकून ठेवा आणि वनरक्षक सांगेल तेव्हा, ऊन उतरल्यावर किंवा काळोखात सोडा.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला पिल्लं बघायला पाहुणे येतात आणि गावातल्या घरांत उतरतात, हे आपल्या लोकांनी एकदा जाऊन बघावं. बायकांना तिथं घरबसल्या मिळकत झाली. आपल्याकडे पाहुणे आधीपासूनच आहेत, म्हणून महोत्सव भरवायची मला घाई वाटत नाही. आधी दोन-तीन मोसम राखण नीट बसू द्या.

जाळ्यात सापडलेलं कासव, किनाऱ्याला लागलेला डॉल्फिन

कासव हवेवर जगतं. जाळ्यात जास्त वेळ पाण्याखाली राहिलं की ते निपचित पडतं, आणि लोकांना वाटतं मेलं. तसंच पाण्यात टाकलं तर ते खरोखर बुडतं. त्याला पोटावर ठेवा, पाठीवर उलटं करू नका. मागची बाजू वीतभर उंच करा, म्हणजे फुप्फुसांतलं पाणी उतरेल. सावली करा, अंगावर ओलं फडकं टाका, नाकपुड्या मोकळ्या ठेवा. शुद्धीवर यायला काही तास लागतात, कधी दिवस जातो. हालचाल करू लागलं की इंजिन बंद ठेवून, जाळ्यापासून दूर, अलगद सोडा. पाय कापला गेला असेल किंवा पाण्यावर तिरकं तरंगत असेल, तर सोडू नका, खात्याला बोलवा. असं तिरकं तरंगणारं कासव बहुतेक वेळा आजारी असतं.

जाळं कापावं लागलं तर नुकसान कुणाचं, हा प्रश्न रापणकार विचारतो आणि तो विचारणारच. शेजारच्या महाराष्ट्रानं डिसेंबर २०१८ पासून संरक्षित प्राणी सोडवताना कापलेल्या जाळ्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई ठेवली आहे. फोटो आणि जाळ्याची पावती सांभाळायची सवय आपल्या लोकांना आत्ताच लावा, आणि मागणीचा ठराव ग्रामसभेत मांडा.

जिवंत डॉल्फिन किंवा त्याचा बिनपंखी भाऊबंद, पॉरपॉइज, वाळूला लागला तर शेपटीला दोर बांधून ओढू नका. कणा मोडतो. पोटावर सरळ ठेवा, छातीजवळच्या दोन्ही परांखाली वाळू उकरून जागा करा, अंगावर ओली चादर घाला. डोक्यावरच्या श्वासाच्या छिद्रात पाणी, वाळू जाऊ देऊ नका आणि आपलं तोंडही त्यावर नेऊ नका, त्याच्या श्वासातून आजार येऊ शकतो. माणसं लांब करा. मेलेला प्राणी असेल तर पुरून टाकायची घाई नको. माप कळावं म्हणून बाजूला चप्पल किंवा पट्टी ठेवून फोटो घ्या, जागा लिहा आणि खात्याची माणसं येईपर्यंत कुत्रे हाकलत राहा.

रापणीत समुद्री साप येतात, तेही जिवंतच परत जावेत. लांब काठीनं पाण्यात लोटा, शेपटी धरून भिरकावू नका. ते विषारी आहेत, आणि आपल्याकडे मिळणारी सापाची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्या विषासाठी बनते, समुद्री सापासाठी नाही. चावला तर मंत्र-तंत्रात वेळ न घालवता थेट इस्पितळ गाठा.

डॉल्फिन दाखवणाऱ्या होडीवाल्यांना मी एकच विनंती करते: 'डॉल्फिन दिसला नाही तर पैसे परत' ही पाटी काढा. त्या पाटीमुळेच एका कळपामागे चार-चार होड्या धावतात. समुद्र दाखवायचे पैसे घ्या, बाजूनं हळू जा आणि लांबच थांबा.

पावसाळ्यात आणि कागदावर

जून-जुलैत राखण झोपत नाही. लाटांबरोबर फाटकी जाळी किनाऱ्याला लागतात आणि त्यांत पाय कापलेली कासवं येतात. पाऊस उघडला की त्या दिवशी फेरी मारा, जाळ्याचे तुकडे उचलून भरतीच्या वर एका जागी ठेवा. ते जाळू नका. पंचायतीला कळवून उचलायला लावा.

आणि वही ठेवा. साधी, रेघांची, शंभर पानांची वही पुरते. तारीख, वेळ, जागेची खूण, काय दिसलं, कुणी पाहिलं, कुणाला फोन केला, किती वेळात माणूस आला. घरटं सापडलं नाही ती रात्रसुद्धा लिहा. पुढे एखाद्यानं टेकडी सपाट करायचा अर्ज केला, किंवा किनाऱ्यावर काही बांधायचं ठरवलं, तेव्हा गावाच्या तोंडी बोलण्याला कुणी विचारत नाही. वहीतल्या तारखा मात्र लोक जैवविविधता नोंदवहीत, म्हणजे गावातल्या जीवजातींच्या नोंदवहीत, चढवता येतात, आणि ती नोंदवही कायद्यानं आपल्या पंचायतीची आहे. मोसम संपला की वहीच्या दोन प्रती काढा. एक वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात द्या, दुसरी पुढच्या ग्रामसभेआधी पंचायत सचिवाकडे द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्या.